टर्बाइनवरच्या अक्का

सुमित्रा बिरादार यांना आमच्या साखर कारखान्यात सगळे अक्काच म्हणत. कुठलाही इलेक्ट्रॉनिक भाग हातात आला की त्या आधी तो नाकाशी न्यायच्या. मीटर नंतर. जळालेल्या वार्निशचा वास वेगळा, तापून तापून सुकलेल्या कपॅसिटरचा वेगळा, दमट गोदामात पडून राहिलेल्या कार्डाचा आणखी वेगळा. त्यांच्या वडिलांचं उदगीरच्या बाजारात हळद-मिरचीचं दुकान होतं. अप्पा कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे, पोत्यात हात घालायचे आणि मूठभर हळद नाकाशी नेऊन माल ठेवायचा की परत पाठवायचा ते सांगायचे. "माझी पहिली प्रयोगशाळा तीच हाय," अक्का म्हणायच्या. डिप्लोमा त्यांनी नांदेडला केला, त्या वर्गात एकट्याच मुलगी होत्या म्हणे. पण त्याबद्दल त्या फार बोलत नसत. हळदीबद्दल बोलत.

मी कारखान्यात खरेदी विभागात होतो. मूळचा मुदखेडचा, शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे यंत्राशी माझा संबंध फक्त कागदावरचा. कारखाना शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या नवलाईच्या दिवसांत त्याची पायाभरणी झाली होती. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, आणि आमच्याकडे थेट परदेशातून आलेलं टर्बाइनचं कंट्रोल पॅनल. जुने कामगार सांगायचे की पॅनलची पेटी उघडली त्या दिवशी आसपासच्या गावांतून लोक ते बघायला आले होते. मी रुजू झालो तोवर जिल्हा जुना झाला होता आणि पॅनलही. ते बनवणाऱ्या कंपनीने त्याचे सुटे भाग करणं केव्हाच बंद केलं होतं.

यातली अडचण मला अक्कांनी दोन मिनिटांत समजावली होती. टर्बाइन वाफेवर फिरतं आणि त्यावर कारखान्याची वीज तयार होते. वाफ किती सोडायची हे पॅनलमधली कार्डं क्षणाक्षणाला ठरवतात. त्या कार्डांना वीज पुरवणारे दोन डबे असतात, पॉवर मॉड्यूल. एक गेला तर दुसरा भार उचलतो. दुसराही गेला तर कार्डं आंधळी होतात, वाफेची झडप आपोआप बंद होते आणि सगळा कारखाना जागच्या जागी थांबतो. "बैलजोडीतला एक बसला तर दुसरा किती वेळ वढंल, तेवढाच प्रश्न हाय," त्या म्हणाल्या. असे डबे बाजारात नव्यानं मिळत नव्हते आणि ते मिळवणं हे माझं काम होतं.

पहिल्याच वर्षी मी मोठ्या हौसेनं एक डबा मिळवला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे 'नवा, न वापरलेला' असा माल होता. मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळत होता. डबा आला तो चकचकीत, थर्माकोलमध्ये बसवलेला. मी स्वतः तो घेऊन टर्बाइनघरात गेलो. अक्कांनी साडीवर खाकी कोट चढवलेला, गळ्यातल्या चांदीच्या लिंगाची दोरी कोटाच्या आत नीट खोवलेली, हातातल्या धातूच्या बांगड्या काढून खणात ठेवलेल्या. पॅनलजवळ जाताना त्यांच्या हातात फक्त काचेच्या बांगड्या असायच्या. त्यांनी डबा नाकाशी नेला, मग चष्मा वर सरकवून स्क्रू बघितले.

"रंगवलेला हाय," त्या म्हणाल्या.

"अहो, सील होतं त्याला," मी म्हणालो.

"सील नवंच असंल. स्क्रूच्या खाचा बघा. चार येळा उघडलाय."

चीफ इंजिनिअर साळुंकेसाहेब तिथेच उभे होते. हंगाम तोंडावर होता आणि वरून रोज विचारणा होत होती. ते म्हणाले, "बिरादारबाई, माल आलाय, पावतीवर सही करा आणि बसवून टाका. चालला तर चालला."

अक्का म्हणाल्या, "तसं लिहून द्या साहेब. मी आत्ता लावते."

साहेबांनी लिहून दिलं नाही. अक्कांनी लाकडी फळीवर मोटारीचे बल्ब ओळीनं बसवून एक पाट केला होता. त्यावर त्यांनी डबा जोडला आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. बल्ब झकास लागले. अर्धा तास झाला, साळुंकेसाहेब एकदा येऊन गेले. पाऊण तासानं बल्ब मंद व्हायला लागले आणि डब्यातून माशी गुणगुणावी तसा आवाज यायला लागला. अक्कांनी वायर काढली, डबा उघडला आणि आतल्या कपॅसिटरवर छापलेली सालाची खूण मला दाखवली. बाहेरचं लेबल नवं होतं. आतला माल आमच्या पॅनलइतकाच म्हातारा होता.

मला शरम वाटली. त्यांनी ते ओळखलं असावं. "तुम्ही नंबर बघून घेतलं, त्यात तुमची काय चूक न्हाई," त्या म्हणाल्या. "पुढच्या बारीला मला संगं न्या."

तेव्हापासून माझी खरेदी बदलली. आम्ही मालाचा शोध मोठ्या शहरांतल्या दुकानांत न करता बंद पडलेल्या कारखान्यांच्या भंगारात करायला लागलो. नांदेडला इतवाऱ्याजवळ खलीलभाई म्हणून एक भंगारवाले होते. एका बंद कारखान्याचं टर्बाइनघर त्यांनी तोडून आणल्याचं कळलं, म्हणून मी अक्कांना घेऊन गेलो. उन्हात पत्रे, पाइप, मोटारींचे सांगाडे यांचे डोंगर. अक्का साडी किंचित वर खोचून त्यात घुसल्या. तासाभरानं त्यांना पॅनल सापडलं, पण रिकामं. आतली तांब्याची वायर ओरबाडून काढलेली, कार्डं एका पोत्यात कोंबलेली. आणि दोन डबे, आमच्याच नमुन्याचे, भंगार निवडणाऱ्या बायकांच्या खोलीचा दरवाजा वाऱ्यानं आपटू नये म्हणून अडसराला लावलेले.

अक्का उकिडव्या बसल्या आणि दोन्ही डबे पाळीपाळीनं हुंगायला लागल्या. खलीलभाई चहाचा कप हातात घेऊन बघत राहिले.

"आपा, हे तर किलोवर जातं," ते म्हणाले. "तुम्ही अत्तर बघितल्यासारखं काय बघून राहिले?"

"भाई, हे किलोवर इकू नका," अक्का म्हणाल्या. "ह्यो डबा एक अख्खा कारखाना चालवतो."

खलीलभाईंना ते खरं वाटलं नाही. पण अक्कांनी तिथंच, एका पत्र्याच्या टेबलावर, डबा उघडून त्यांना आतलं सगळं दाखवलं. हे काय करतं, ते काय करतं, कुठला भाग आधी मरतो, कुठला कधीच मरत नाही. कार्डाला हात लावण्याआधी लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते, हेही शिकवलं. खलीलभाईंनी नोकराकरवी आणखी चहा मागवला आणि आपल्या दोन्ही मुलांना बोलावून म्हणाले, "सुनो, आपा क्या बोल रही." त्यानंतर कित्येक वर्षं नांदेड-परभणी भागात कुठंही जुनं पॅनल तुटायला आलं की खलीलभाईंचा फोन यायचा. ते पॅनल तोडत नसत. अक्का येईपर्यंत ताडपत्री टाकून ठेवत. तेलंगणातल्या एका बड्या व्यापाऱ्यानं सगळा माल एकदम मागितला, तेव्हा त्यांनी सांगितलं, आपा बघून जाऊ द्या, मग बोलू.

सापडलेला डबा तसाच वापरायचा नाही हा अक्कांचा नियम होता. सगळे कपॅसिटर नवे घालायचे, प्रत्येक सांध्याला पुन्हा डाग द्यायचा आणि मग नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नेऊन तपासायचा. तिथल्या एका सरांनी त्यांना प्रयोगशाळा वापरायची मुभा दिली होती. पडद्यावरची हिरवी रेघ सरळ आहे की तिला दाते आहेत हे बघत त्या डोळे बारीक करून बसायच्या. सर एकदा मला म्हणाले, आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी मुद्दाम तेव्हा आत बोलावतो. मी ही गोष्ट परतीच्या वाटेवर अक्कांना सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणूनच ती पोरं माझ्या खांद्यावरून वाकून राहिली व्हय. मला वाटलं, पंखा तिथं हाय म्हणून."

मग तो दुष्काळ आला. लातूरकडच्या माणसाला कुठला ते सांगावं लागत नाही. मांजरा आटली, विहिरींच्या तळाचे दगड दिसायला लागले. ऊस शेतात उभ्या उभ्या वाळत होता. जो आज गाळला नाही तो पुढच्या आठवड्यात चिपाड होणार होता. कारखान्याशेजारी जनावरांची छावणी लागली. उसाचा रस आटवताना त्यातलं पाणी वाफेच्या रूपानं निघतं. ती वाफ थंड करून मिळणारं पाणी आम्ही साफ करून छावणीला देत होतो. दूरच्या टँकरपेक्षा ते भरवशाचं होतं. कारखाना चालला तर छावणीच्या हौदात पाणी, इतका तो हिशोब सोपा होता. त्याच दिवसांत उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी बोलणी पुन्हा जोरात होती. कँटीनमध्ये सह्यांचे कागद फिरत. कुणी तरी अक्कांपुढे कागद सरकवला. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "करते बाबा, गाव माझंच हाय. पण जिल्हा झाला तर कलेक्टर मिळंल, कपॅसिटर न्हाई मिळायचा."

त्याच आठवड्यात पॅनलमधला एक डबा गेला. टर्बाइन थांबलं नाही, कारण दुसऱ्यानं भार उचलला. पण दुसराही तितकाच जुना होता. साळुंकेसाहेबांनी सावधगिरी म्हणून भार कमी केला, त्यामुळे गाळप मंदावलं आणि छावणीचं पाणी निम्म्यावर आलं. कंपनीच्या प्रतिनिधीचं उत्तर आलं: जुने भाग मिळणार नाहीत, सगळी यंत्रणाच नवी बसवावी लागेल, त्याला काही महिने लागतील. कारखाना बंद करून डबा बदलायचा म्हणजे पुन्हा सगळं तापवून सुरू करण्यात दोन-तीन दिवस जाणार. अक्कांकडे खलीलभाईंकडचा, विष्णुपुरीत तपासलेला एक डबा तयार होता. त्या म्हणाल्या, "चालत्या टर्बाइनवर बदलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टर्बाइनघरात गर्दी झाली. चेअरमनसाहेब आले, संचालक आले, छावणीतले दोन शेतकरी दारात उभे राहिले. अक्कांनी पहाटेपासून तो डबा बल्बांच्या पाटावर जोडून ठेवला होता, टर्बाइनघराच्या त्या उष्ण हवेतच. दर पंधरा मिनिटांनी मीटर लावून त्या आकडा बघत होत्या. दहा वाजता चेअरमनसाहेब म्हणाले, "हं, बिरादारबाई, करा सुरुवात."

अक्कांनी पुन्हा एकदा मीटर लावला. बघत राहिल्या. मग मीटर बंद करून म्हणाल्या, "आज न्हाई."

"म्हणजे?"

"डबा तापला की व्होल्टेज चढून राहिलाय, साहेब."

"किती चढलाय?" साळुंकेसाहेबांनी विचारलं.

"थोडाच. पण थांबंना झालाय. ह्यो लावला तर आतली कार्डं जळतील, आणि ती तर कुठंच मिळत न्हाईत."

मागे कुणी तरी हलक्या आवाजात म्हणालं, "बाईनं हात टेकले." ते सगळ्यांना ऐकू गेलं, अक्कांनाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी डबा फडक्यात गुंडाळला आणि साळुंकेसाहेबांना म्हणाल्या, "उद्यापर्यंत येळ द्या." साहेबांशी त्यांचं आयुष्यभर फारसं पटलं नव्हतं. पण साहेब चेअरमनसाहेबांकडे वळून म्हणाले, "बाई नाही म्हणतात म्हणजे नाही. उद्या बघू." आणि आपली जीप दिली.

मी बरोबर गेलो. विष्णुपुरीची प्रयोगशाळा थंड होती, म्हणून तिथं दोष कधी दिसलाच नव्हता. अक्कांनी सरांच्या घरून केस वाळवायचं यंत्र मागवलं. त्याच्या गरम हवेनं त्या डब्यातला एकेक कोपरा तापवायच्या, आणि आकडा चढला की स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस एकेका भागाला लावून त्याला थंड करायच्या. कुठल्या भागाला गारवा लागल्यावर आकडा खाली येतो ते बघायचं. दुपारी चारच्या सुमारास गव्हाच्या दाण्याएवढ्या एका भागाला कापूस लागला आणि आकडा झपकन उतरला. पुन्हा तापवलं, चढला. पुन्हा कापूस, उतरला. अक्का खुर्चीत मागे टेकल्या. "सापडला रे चोर," त्या कुणाला उद्देशून न बोलता म्हणाल्या.

तो भाग बाजारात नव्हता. पण मेलेला डबा त्यांनी बरोबर आणला होता. तो दुसऱ्याच कारणानं गेला होता, आणि त्याच्यातला हा दाणा शाबूत होता. त्यांनी तो काढून याच्यात बसवला. मग दोन तास गरम हवा. आकडा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा तीच गर्दी जमली, उलट जास्तच. अक्कांनी सगळ्यांना पाच पावलं मागे सरायला सांगितलं आणि मोबाइल बंद करायला लावले. चालू असलेल्या डब्याचा व्होल्टेज त्यांनी मोजला, बारीक पेचकसानं नव्या डब्याचा त्याच्याशी जुळवला, पुन्हा मोजला. दोन्ही सारखे नसतील तर एकजण सगळा भार ओढतो, आणि तिथंच घात होतो, हे त्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांनी लोखंडी चौकटीला हात लावला. मग डबा खाचेत ठेवून तळहातानं सरळ आत ढकलला. खट्ट असा आवाज झाला.

ऑपरेटर टर्बाइनचा वेग मोठ्यानं वाचत होता. एकच आकडा तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. हिरवा दिवा लागला. अक्का डब्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. दहा मिनिटं कुणी हललं नाही. मग त्या साळुंकेसाहेबांना म्हणाल्या, "भार वाढवा. छावणीवाल्यांना पाणी पुरं सोडा."

दारातल्या दोघा शेतकऱ्यांपैकी म्हाताऱ्यानं पागोटं काढून पुन्हा डोक्यावर ठेवलं आणि तो छावणीकडे चालायला लागला. मला त्या वेळी आपल्या कारखान्याचा, आपल्या भागाचा, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या खरेदी विभागाचाही असा अभिमान वाटला की तो पुढं कधी तसा वाटला नाही. थोड्या वेळानं अक्का बाहेर लिंबाखाली बसलेल्या दिसल्या. चहाचा कप बशीत तसाच होता, वर साय धरलेली.

"भ्यालात काय?" मी विचारलं.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या. "काल न्हाई म्हणताना लई भ्याव वाटलं."

हंगाम संपेपर्यंत टर्बाइन एकदाही त्या कारणानं थांबलं नाही. हंगाम संपल्यावर मला वाटलं, आता अक्का खलीलभाईंकडे आणखी डबे राखून ठेवायला सांगतील. त्यांनी उलटच केलं. एक कागद माझ्यासमोर ठेवला. बाजारात सहज मिळणारे नवे वीजपुरवठे, ते जुन्या खाचेत बसावेत म्हणून लोखंडी पट्टी, मधे कुठल्या वायरा, सगळं आखलेलं. कंपनी जे सगळं काढून नवं बसवायला सांगत होती, त्यातला फक्त मरणारा भाग त्यांनी बदलायचा ठरवला होता.

"अहो, मग तुमची विद्या वाया गेली की," मी म्हणालो. "हा डबा तर कुणीही बदलेल."

"मग? मी रिटायर झाल्यावर हितं कोण वास घेत बसंल?"

बंदच्या काळात त्यांनी ते काम पुरं केलं. शेवटची वायर लावायला त्यांनी दोन ऑपरेटरांना पुढे केलं आणि स्वतः कोटाच्या खिशात हात घालून मागे उभ्या राहिल्या. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी मराठीतून लिहिलेला नकाशा चिकटवला. जुने, दुरुस्त केलेले डबे जपून बांधले आणि ज्या कारखान्यांकडे अजून तसली पॅनलं होती, त्यांना एसटीच्या पार्सलनं पाठवून दिले. प्रत्येक डब्याबरोबर एक चिठ्ठी: आत काय बदललं, काय बदललं नाही, आणि कशावर लक्ष ठेवायचं. कुणी विचारलं की हे फुकट का, तर म्हणायच्या, अडसराला लावलेले होते, त्याला काय.

निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. टर्बाइनघरात एक चक्कर मारून आल्या आणि जेवायला बसल्या.

त्यानंतर आमचं फोनवर बोलणं व्हायचं, पण प्रत्यक्ष त्या एकदाच दिसल्या, त्याही अचानक. मी बहिणीला गाडीत बसवायला मुदखेडच्या स्टेशनावर गेलो होतो. पलीकडच्या फलाटावर परभणीकडची गाडी लागली आणि तिच्यातून अक्का उतरल्या. केस सगळे पांढरे झालेले, खांद्याला तीच हत्यारांची जाड पिशवी. आदिलाबादकडच्या कुठल्याशा कारखान्यातली माणसं त्यांना न्यायला आली होती, हे नंतर कळलं. दोन तरुण इंजिनिअर पुठ्ठ्याची पाटी उंच धरून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे आशेनं बघत होते. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'श्री बिरादार, टर्बाइन कंट्रोल तज्ज्ञ'.

अक्का त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पाटी वाचली. मग पिशवीतून पेन काढला, त्यातल्या एकाच्या हातातला पुठ्ठा जरा खाली वाकवला आणि 'श्री'च्या पुढे सावकाश, नीट अक्षरांत 'मती' लिहिलं.

मधे रूळ होते आणि इंजिनाचा भोंगा वाजत होता, त्यामुळे मला हाक मारता आली नाही. ती दोघं पोरं ओशाळून हसली आणि त्यातल्या एकानं पिशवी घ्यायला हात पुढे केला. अक्कांनी पिशवी दिली नाही. पाटी मात्र तिथंच टाकून न देता बरोबर घ्यायला लावली, आणि त्या दोघांच्या पुढे चालत स्टेशनाबाहेर गेल्या.